गर्दीच्या आधीची माणसं

या महिन्याच्या टपालात सात पत्रं एकाच विषयावरची निघाली. पुष्कळ लोकांकडून थोडे थोडे पैसे घेऊन धंद्याचं भांडवल उभं करायचं, म्हणजे क्राउडफंडिंग. पेन्शनची आणि विम्याची पत्रं त्यामुळे पुढच्या अंकात. सातही जण ब्रिटन, अमेरिका नाहीतर युरोपात राहणारे आहेत, तेव्हा उत्तरंही तिथल्याच कायद्यांनुसार. मी वकील नाही. छत्तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले आणि एकदा मी नोकरी करत होते त्या कंपनीबरोबर या चरकातून स्वतः गेले, तेवढ्या अधिकारावर लिहिते.

प्रश्न : ताई, मी आणि माझा धाकटा भाऊ लीड्समध्ये सायकलमागे जोडायचे मालवाहू ट्रेलर बनवतो. अडीच वर्षांत १८० विकले. बँक तारण मागते, ते आमच्याकडे नाही. म्हणून ३ लाख पौंड क्राउडफंडिंगने उभे करायचं ठरवलंय. प्लॅटफॉर्मवर, म्हणजे जिथे कंपनीचं पान लावून पैसे मागतात त्या वेबसाइटवर, लाखो लोकांची नोंदणी आहे. त्यातले हजार जरी आले तरी आमचं काम झालं. व्हिडिओवर किती खर्च करावा?

उत्तर : व्हिडिओचं शेवटी सांगते. आधी त्या हजार लोकांचं बघू. ते येणार नाहीत. म्हणजे येतील, पण आधी दुसरं कोणी आलेलं दिसलं तरच.

२०१७ साली मी ब्रिस्टलमधल्या एका छोट्या कंपनीचे हिशेब सांभाळत होते. प्रयोगशाळांना लागणारे नाजूक तराजू आम्ही बनवायचो. अडीच लाख पौंड हवे होते. प्लॅटफॉर्मचा माणूस भेटायला आला, आम्ही मोठ्या उत्साहाने त्याला तराजू दाखवायला घेतला, तर त्याचा पहिलाच प्रश्न : ‘‘पान उघडाल त्या दिवशी यातले किती पैसे तुमच्या ओळखीतून येणार आहेत?’’ आम्हाला वाटलं, याला आपलं म्हणणं कळलेलं नाही. ओळखीतून मिळत असते तर तुझ्या दारात कशाला आलो असतो? त्याने एक कोरी एक्सेल शीट पाठवली. तीन रकाने होते : नाव, रक्कम, आणि ‘नुसतं बोलले की लिहून दिलं’. तिसरा रकाना भरायला बसलो तेव्हा घाम फुटला.

प्लॅटफॉर्मने मजकूर मंजूर केल्यावर दोन महिने आम्ही फोन करत होतो. कच्चा माल देणारे, जुनी गिऱ्हाइकं, मालकाचे आधीच्या नोकरीतले साहेब, माझा दातांचा डॉक्टरसुद्धा. ८० हजारांची लेखी कबुली जमली तेव्हा कुठे पान उघडलं. पहिले चार दिवस फक्त त्याच लोकांना, मग सगळ्यांना. शेवटी ३८७ जणांनी पैसे घातले, सगळ्यात लहान रक्कम १० पौंडांची. पण निम्म्याहून जास्त पैसे त्या शीटवरच्या ३१ नावांचे होते. मधले अकरा दिवस तर असे गेले की त्यात मिळून १,९०० पौंड आले. मी दर तासाला पान उघडून बघायची आणि आकडा जागचा हलायचा नाही. रक्कम ८० टक्क्यांच्या पुढे सरकली आणि मग मात्र अनोळखी माणसं धावत आली.

मोंझो बँकेचं उदाहरण तुम्ही कुठेतरी वाचलं असणारच. २०१६ मध्ये त्यांनी क्राउडक्यूब या प्लॅटफॉर्मवर ९६ सेकंदांत १० लाख पौंड गोळा केले. खरंय. पण त्यांचं कार्ड वापरणारे आणि कार्डासाठी रांगेत थांबलेले लोक हजारोंनी आधीच होते. दुसरं उदाहरण कॅम्डेन टाउन ब्रुअरीचं : २०१५ मध्ये लोकांकडून साडेसत्तावीस लाख पौंड घेतले आणि त्याच डिसेंबरात एबी इनबेव्ह या बिअरच्या बड्या कंपनीने ती कंपनी साडेआठ कोटींना घेतली. गेली दहा वर्षं हीच दोन उदाहरणं ऐकते आहे, यावरून काय ते समजा.

तुमच्यापाशी १८० गिऱ्हाइकं आहेत. ज्याने तुमचा ट्रेलर विकत घेऊन दोन हिवाळे ओढला, त्याला तुमच्याबद्दल कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त माहिती आहे. शीटवर पहिली नावं त्यांची लिहा. ३ लाखांतले ९० हजार ते १ लाख पान उघडायच्या आधी नक्की झाले पाहिजेत. होत नसतील तर रक्कम कमी करा. ठरलेलं लक्ष्य गाठलं नाही तर पैसे ज्याचे त्याला परत जातात, आणि तुम्ही आपटलात हे तुमच्या स्पर्धकालाही दिसतं.

आता ब्रिटनमध्ये ज्याच्याशिवाय हा खेळ जमत नाही ती गोष्ट : करसवलत. एसईआयएस या अगदी नव्या, लहान कंपन्यांसाठीच्या योजनेत गुंतवणूकदाराला गुंतवलेल्या रकमेच्या ५० टक्के आयकरात सूट मिळते, तिच्या मोठ्या भावंडात, ईआयएसमध्ये, ३० टक्के. तिथले सराईत गुंतवणूकदार पान उघडल्यावर उत्पादनाच्या आधी ही अक्षरं शोधतात. एसईआयएसखाली कंपनीला अडीच लाख पौंडांपर्यंत घेता येतात. अटींपैकी तुम्हाला बोचणारी एक आहे : शेअर देताना धंदा सुरू होऊन तीन वर्षं झालेली नसावीत. तुम्ही अडीच वर्षं म्हणता. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम सहा महिने आहेत, आणि एचएमआरसीकडून (ब्रिटनचं करखातं) आगाऊ हमीचं पत्र मिळवण्यात त्यातले काही आठवडे जातील. पहिला ट्रेलर नक्की कोणत्या तारखेला विकला, ती पावती आज शोधा. वरचे ५० हजार ईआयएसखाली घेता येतील, पण ते शेअर एसईआयएसच्या शेअरनंतर, निदान दुसऱ्या दिवशी द्यायचे. एकाच दिवशी दिलेत तर एसईआयएसची सवलत जाते. एका दिवसाच्या घाईपायी सवलत गमावलेली कंपनी मी पाहिली आहे. तिथल्या संचालकाला गुंतवणूकदारांसमोर उभं राहताना बघणं फार वाईट होतं.

मूल्यांकनाबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही, म्हणजे आकडा मनात ठरलेला दिसतो. क्राउडफंडिंगमध्ये कंपनीची किंमत तुम्हीच सांगता आणि समोर घासाघीस करणारं कोणी नसतं. म्हणून आकडा फुगतो. फुगलेला आकडा दोन वर्षांनी नवा गुंतवणूकदार आला की बाहेर येतो. तो कमी किंमत लावतो, आणि ज्या गिऱ्हाइकांनी विश्वासाने पैसे घातले त्यांचे शेअर तुमच्याच सहीने स्वस्त होतात. शेअरच्या प्रकारांकडेही लक्ष असू द्या. ब्रूडॉग या बिअर कंपनीने २००९ पासून लोकांना साधे शेअर विकले. २०१७ मध्ये टीएसजी ही मोठी गुंतवणूक संस्था आली, ती अग्रहक्काच्या शेअरवर, वर्षाला १८ टक्के चक्रवाढीने. म्हणजे कंपनी विकली तर आधी त्यांचं, मग उरलं तर बाकीच्यांचं. आज तुमच्या गिऱ्हाइकांना साधे शेअर देताय. उद्या त्यांच्या पुढे रांगेत कोणाला उभं करायचं, हा निर्णय तुमच्यावर येईल. १८ टक्के चक्रवाढीने रक्कम चार-सव्वाचार वर्षांत दुप्पट होते, एवढं पाठ करून ठेवा.

खर्च. प्लॅटफॉर्म साधारण सात टक्क्यांच्या आसपास घेतो, म्हणजे ३ लाखांवर २१ हजार. शिवाय कार्डाचे पैसे, वकील, कंपनीच्या नियमावलीतले बदल. ३ लाख जमले म्हणजे अडीच लाख आणि थोडे वर, असाच हिशेब धरा. शेअर नॉमिनीच्या, म्हणजे सगळ्यांच्या वतीने ते धरणाऱ्या एकाच संस्थेच्या, नावावर ठेवणारी व्यवस्था घ्या. म्हणजे कंपनीच्या दफ्तरी एकच भागधारक राहतो आणि प्रत्येक ठरावाला शेकडो सह्या गोळा कराव्या लागत नाहीत.

आणि व्हिडिओ : फोनवर काढा. पाऊस पडत असताना, चढावर, भरलेला ट्रेलर. ‘ब्रिटनमधला सर्वात हलका’ वगैरे म्हणायचं असेल तर वजनाचा पुरावा प्लॅटफॉर्मला द्यावा लागेल. पानावरच्या प्रत्येक वाक्यामागे ते कागद मागतात. आमच्या पानावर मालकाने ‘अनेक विद्यापीठं आमचे तराजू वापरतात’ असं लिहिलं होतं. अनेक म्हणजे चार, हे सिद्ध करायला मी चार पावत्या शोधत रात्री अकरापर्यंत बसले होते. शेवटी वाक्य ‘चार विद्यापीठं’ असं झालं. ते जास्त बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

प्रश्न : आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (२४० जण) मी टाकलं : ‘आपल्या माणसाची कंपनी, दोन वर्षांत पैसे दुप्पट, इच्छुकांनी खालील खात्यात भरावे.’ एकाने लिहिलं की हा गुन्हा आहे. मराठी माणसाने मराठी माणसाला मदत मागायची नाही का? (स्लाउ)

उत्तर : तो मेसेज हा अंक बाजूला ठेवून आधी काढून टाका. त्या एकाचे आभार माना.

ब्रिटनमध्ये २००० सालच्या वित्तीय सेवा कायद्याचं २१ वं कलम सांगतं की गुंतवणुकीचं आमंत्रण एकतर परवानाधारक संस्थेने द्यायचं, किंवा तिने मंजूर केलेलं असायला हवं. हे मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ग्रुप मराठी आहे म्हणून कायदा दाराबाहेर थांबत नाही. आणि ‘दोन वर्षांत दुप्पट’ हे तर कुठलाही प्लॅटफॉर्म मंजूर करणार नाही. तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की सगळे पैसे जायची तयारी असेल तरच गुंतवा. खात्यात पैसे आलेही असतील तर ते खर्चू नका, आधी वकील गाठा.

प्लॅटफॉर्मवर पान मंजूर झाल्यावर त्याची लिंक, मंजूर मजकुरासकट, ग्रुपवर टाकायला हरकत नाही. नवा माणूस आला की तो आपण कोणत्या प्रकारचा गुंतवणूकदार ते लिहून देईल, धोका कळला आहे का याच्या प्रश्नांना उत्तरं देईल आणि पहिल्यांदाच येत असेल तर चोवीस तास थांबेल. सर्वसाधारण गुंतवणूकदार स्वतःच्या निव्वळ मालमत्तेच्या १० टक्क्यांहून जास्त अशा गुंतवणुकीत घालणार नाही, असंही लिहून देतो. ‘मित्राला आणा, २५ पौंड मिळवा’ हा प्रकार फेब्रुवारी २०२३ पासून बंद आहे.

प्रश्न : नमस्कार. माझी कंपनी ऑस्टिनला आहे. शाळेच्या वर्गातल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आम्ही बनवतो. एका सल्लागाराने सुचवलं की लक्ष्य २५ हजार डॉलर ठेवा आणि कमाल मर्यादा ४ लाख. लक्ष्य लहान असल्यामुळे स्वतंत्र हिशेबतपासनिसाचा खर्च वाचेल. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. हा सल्ला बऱ्याच जणांना मिळालेला दिसतो.

अमेरिकेत हा रस्ता २०१२ च्या जॉब्स ॲक्टने दाखवला, पण प्रत्यक्षात तो १६ मे २०१६ ला उघडला. सुरुवातीला वर्षाला १० लाख डॉलरच्या आसपास घेता येत होते, मार्च २०२१ पासून ५० लाख. हिशेबाची अट रकमेप्रमाणे चढते. १ लाख २४ हजारांपर्यंत कंपनीच्या प्रमुखाने स्वतः प्रमाणित केलेले हिशेब चालतात. तिथून ६ लाख १८ हजारांपर्यंत स्वतंत्र सीपीएचं (तिथला सनदी हिशेबतपासनीस) पुनरावलोकन लागतं. त्याच्या वर पूर्ण ऑडिट, मात्र पहिल्यांदा येणाऱ्याला १२ लाख ३५ हजारांपर्यंत पुनरावलोकनावर भागतं. लक्ष्यापेक्षा जास्त पैसे स्वीकारणार असाल तर ही पायरी ठरते ती कमाल रकमेवर. तुमची कमाल ४ लाख. सीपीए शोधा.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. लक्ष्य २५ हजार याचा अर्थ, २५ हजार जमले की ते पैसे तुम्हाला मिळणार. तेवढ्यात यंत्राचा साचा तरी होईल का? होणार नसेल तर २५ हजार देणाऱ्या लोकांना तुम्ही अर्धवट बांधलेल्या पुलावर उभं करताय. यंत्र खरोखर बाजारात आणायला कमीत कमी जे लागतात, ते लक्ष्य.

बाकीचं चटकन सांगते. एसईसीकडे (अमेरिकेचं शेअरबाजार नियामक मंडळ) फॉर्म सी भरल्याशिवाय पैसे घेता येत नाहीत, आणि पोर्टल एसईसीकडे नोंदलेलं व फिन्रा या दलालांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं सदस्य हवं. पान किमान २१ दिवस उघडं राहिलं पाहिजे. मुदत संपायच्या ४८ तास आधीपर्यंत कोणीही पैसे मागे घेऊ शकतं, म्हणून शेवटच्या आठवड्यातला आकडा बघून ऑर्डरी देऊ नका. फॉर्म भरण्याच्या आधी लोकांचा कल चाचपता येतो, ठरावीक सूचना छापून. ब्रिटनच्या मानाने ही सूट मोठी आहे. पण त्या वेळी दाखवलेलं साहित्य पुढे फॉर्मला जोडावं लागतं, तेव्हा उत्साहाच्या भरात काही लिहू नका. आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून १२० दिवसांत वार्षिक अहवाल. हा विसरणाऱ्यांची संख्या कमी नाही. तो थकला की पुन्हा याच मार्गाने पैसे मागायला गेल्यावर दार बंद असतं.

प्रश्न : मी निवृत्त आहे, एडिसनला राहतो. वर्षाचं उत्पन्न ६० हजार डॉलर, घर सोडून शिल्लक ९० हजार. भाचीच्या कंपनीचं पान एका पोर्टलवर आलं आहे. ५ हजार घालावे म्हणतो. ‘सेफ’ नावाचा करार आहे, म्हणजे सुरक्षितच असणार. वर्षाला किती टक्के सुटतील?

उत्तर : काका, नाव बघून फसू नका. ‘सेफ’ हे इंग्रजी आद्याक्षरांतून झालेलं नाव आहे. त्यात व्याज नाही, परतफेडीची तारीख नाही आणि सही केल्याबरोबर शेअरही मिळत नाही. पुढे कंपनीने किंमत ठरवून मोठी गुंतवणूक घेतली किंवा ती विकली गेली, तर तुमच्या पैशांचे शेअर होतात. दोन्ही घडलं नाही तर तो कागद वर्षानुवर्षं नुसता कागदच राहतो. वर्षाचे टक्के म्हणाल तर शून्य धरा.

शिवाय ५ हजार तुम्हाला घालताच येणार नाहीत. उत्पन्न आणि निव्वळ मालमत्ता यांपैकी एक जरी १ लाख २४ हजारांच्या खाली असली तरी दोन्हींतल्या मोठ्या आकड्याच्या ५ टक्के किंवा अडीच हजार, यांत जे जास्त ते. तुमच्या बाबतीत ९० हजारांचे ५ टक्के, म्हणजे ४,५००. तेही बारा महिन्यांत, अशा सगळ्या कंपन्या मिळून. राहतं घर यात धरायचं नाही, ते तुम्ही बरोबर वगळलंत. पहिलं वर्षभर हा कागद सहसा विकता येत नाही. जवळच्या नातेवाइकाला देता येतो, पण भाचीलाच परत विकून काय मिळवणार?

भाचीचं कौतुक करायचंय की पैसे वाढवायचेत, हे आधी ठरवा. कौतुक असेल तर हजार डॉलर पोर्टलवरून घाला आणि विसरून जा. वाढवायचे असतील तर ही जागा नव्हे, आणि ते भाचीला स्पष्ट सांगितलंत तरी ती रागावणार नाही. रागावली तर मग हजारसुद्धा घालू नका.

प्रश्न : म्युनिकमध्ये माझी जीएमबीएच, म्हणजे जर्मन खाजगी मर्यादित, कंपनी आहे. युरोपात आता एकच कायदा झालाय म्हणे. मग जर्मनीतून एकच पान काढून फ्रान्स, नेदरलँड्स आणि लंडनच्या बहिणीकडूनही पैसे घेता येतील का?

उत्तर : फ्रान्स, नेदरलँड्स हो, लंडन नाही. युरोपीय संघाचा क्राउडफंडिंगचा नियम १० नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे, आणि एका देशात परवाना मिळालेला प्लॅटफॉर्म कळवून इतर सदस्य देशांत काम करू शकतो. कंपनीला बारा महिन्यांत ५० लाख युरोपर्यंत घेता येतात. ब्रिटन संघाबाहेर आहे, त्यामुळे बहिणीला तिथलेच नियम लागतील.

मात्र तुमची अडचण युरोप नाही, नोटरी आहे. जीएमबीएचचा हिस्सा एकाकडून दुसऱ्याकडे जायचा तर नोटरीसमोर जावं लागतं. दोनशे छोट्या गुंतवणूकदारांबरोबर हे कसं करणार? म्हणूनच जर्मनीत बरीच वर्षं शेअरऐवजी नफ्यात वाटा देणाऱ्या कर्जांचा मार्ग चालला. प्लॅटफॉर्म निवडण्याआधी त्यांना एवढंच विचारा, गुंतवणूकदाराच्या हातात नेमकं काय पडणार आहे? मग सहा पानांचं माहितीपत्रक लिहायला बसा. सहाच्या वर जायची परवानगी नाही, आणि हा मला त्या नियमातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. नवख्या गुंतवणूकदाराला चार दिवस विचार बदलायची मुभा असते, ती धरून वेळापत्रक आखा.

प्रश्न : शेअर द्यायचेच नसतील तर? किकस्टार्टरसारख्या वेबसाइटवर लोकांकडून आधी पैसे घेऊन नुसती वस्तू द्यायची आणि मोकळं व्हायचं. (डब्लिन)

उत्तर : वस्तू वेळेवर देता आली तर उत्तम मार्ग. तो भांडवलाचा नाही, आगाऊ विक्रीचा, आणि कराच्या दृष्टीनेही बहुधा विक्रीच. ऑक्युलस या आभासी जगाचे चष्मे बनवणाऱ्या कंपनीने २०१२ मध्ये तिथे सुमारे २४ लाख डॉलर जमवले आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी अब्जावधी डॉलरना घेतली, तेव्हा पैसे देणारे चिडले. पण त्यांनी शेअर घेतलेच नव्हते. तुमच्या पानावर ‘गुंतवणूक’ हा शब्द चुकूनही येऊ देऊ नका.

प्रश्न : मॅडम, २०२१ मध्ये आम्ही २६० लोकांकडून १ लाख ८० हजार पौंड घेतले, ईआयएसखाली. कंपनी चालली नाही. दोन महिने पुरतील एवढेच पैसे उरलेत. त्यांत माझ्या ऑफिसातले जुने सहकारी आहेत, मुलाच्या शाळेतले पालक आहेत. सहा महिने मी त्यांना काहीच कळवलेलं नाही. काय तोंडाने सांगू? (कार्डिफ)

उत्तर : या आठवड्यात सांगा. पण पहिला फोन भागधारकांना नाही, परवानाधारक दिवाळखोरी तज्ज्ञाला करा. कंपनी देणी भागवू शकणार नाही असं दिसू लागलं की संचालकाने आधी देणेकऱ्यांचं हित बघायचं असतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सेक्वाना खटल्यात हे सविस्तर सांगितलं आहे. तोवर कोणाकडून नवी गुंतवणूक नको, गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम नको. ‘एक शेवटची ऑर्डर मिळाली तर’ हे वाक्य मनात येईल, तेव्हा तज्ज्ञाला फोन करा.

पत्रात ज्याची त्यांना खरी गरज आहे ते लिहा. त्यांच्या शेअरची किंमत शून्य झाली तर तो तोटा उत्पन्नातून वजा करून मागता येतो, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कोणी १,००० पौंड घातले असतील तर ३०० आधीच करात सुटले. उरलेल्या ७०० च्या तोट्यावर ४० टक्के कर भरणाऱ्याला आणखी २८० मिळतात. म्हणजे खरा फटका ४२० चा. त्यासाठी ईआयएस-३ हे प्रमाणपत्र लागतं. कितीतरी जणांनी ते हरवलेलं असतं. प्रती काढून ठेवा, मागेल त्याला त्याच दिवशी पाठवा. शेअर नॉमिनीकडे असतील तर पत्र प्लॅटफॉर्ममार्फत जाईल, त्यांना आजच कळवा. पैसे कशावर खर्च झाले ते एका पानात, आकड्यांत. परिस्थिती, बाजार, महामारी हे सगळं शेवटच्या दोन ओळींत.

सहकारी आणि पालक यांना मात्र पत्राच्या आधी फोन. त्यांनी पान उघडण्याआधी तुमच्या शब्दावर हो म्हटलं होतं.

ब्रिस्टलची आमची कंपनी २०२० च्या शेवटी बंद झाली. पत्र मी लिहिलं, फोन मालकाने आणि मी वाटून घेतले. शीटवरची ३१ नावं, तीच शीट, तिसऱ्या रकान्यापुढे चौथा काढला : ‘सांगितलं’. तीन संध्याकाळ लागल्या. दोघांनी फोन आपटला. एकाने अर्धा तास स्वतःच्या बुडालेल्या धंद्याची गोष्ट ऐकवली. पत्राला साठेक उत्तरं आली, त्यातली नऊ रागाची, एक फक्त प्रमाणपत्र मागणारं. माझ्या दातांच्या डॉक्टरने दोन हजार घातले होते. त्याला मी सगळ्यात शेवटी फोन केला, मुद्दाम. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘‘ठीक आहे. मंगळवारी साडेदहाची वेळ आहे तुमची, ती चुकवू नका.’’